जुन्या गाडीचा कार्बोरेटर: उघडण्याआधी काय तपासायचं, उघडल्यावर काय करायचं

सकाळी गाडी चालू व्हायला त्रास देते. सिग्नलला उभी राहिली की बंद पडते. चढावर दम टाकते, सायलेन्सरमधून काळा धूर येतो. या सगळ्या तक्रारींवर गॅरेजमध्ये बहुधा एकच उपाय सुचवला जातो: कार्बोरेटर खोलून साफ करू. तो खोलला जातो, पेट्रोलने धुतला जातो, दोन स्क्रू इकडेतिकडे फिरवले जातात आणि आठ दिवसांत तक्रार परत येते. याची कारणं सहसा दोन असतात. एक तर दोष कार्बोरेटरमध्ये नव्हताच. किंवा तो तिथेच होता, पण धुण्याने जाणारा नव्हता. स्पिंडल (हवेच्या झडपेचा दांडा) झिजलेला, फ्लँज (बुडाची बसण्याची बाजू) वाकलेली किंवा फ्लोटची (पेट्रोलच्या वाटीतल्या तरंगत्या डब्याची) पातळी चुकलेली असेल, तर कितीही साफसफाई केली तरी गाडी सुधारत नाही.

इथे मुख्य उदाहरण घेतलं आहे ते फियाट 1100 आणि प्रीमियर पद्मिनीवरच्या सिंगल बॅरल, म्हणजे एकाच गळ्याच्या, सोलेक्स कार्बोरेटरचं. 1964 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 डिलाइट निघू लागली, 1974 पासून तीच पद्मिनी झाली, आणि तिचं 1089 सीसीचं इंजिन मुंबईच्या टॅक्सींनी 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर ठेवलं. या गाड्या आजही अनेक घरांत जपलेल्या आहेत. सोलेक्स नीट समजला की त्या काळातले बहुतेक डाउनड्राफ्ट कार्बोरेटर, म्हणजे हवा वरून खाली ओढणारे, समजतात. इंग्रजी गाड्यांवरच्या एसयू कार्बोरेटरची रचना वेगळी आहे, त्याच्याबद्दल पुढे.

आत काय चालतं

पिस्टन खाली जाताना हवा ओढून घेतो. ती हवा कार्बोरेटरच्या गळ्यातल्या अरुंद भागातून, म्हणजे व्हेंच्युरीतून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. शेजारच्या वाटीतल्या पेट्रोलवर मात्र वातावरणाचा पूर्ण दाब असतो. दाबातल्या या फरकामुळे पेट्रोल जेटमधून, म्हणजे मोजून पाडलेल्या बारीक छिद्रातून, वर ढकललं जातं आणि हवेच्या झोतात फवारलं जातं. बाकी सगळे भाग या एका क्रियेला सांभाळण्यासाठी आहेत.

1 किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. पेट्रोल त्याहून जास्त पडलं तर मिश्रण रिच, कमी पडलं तर लीन. इंजिन थंड आहे का गरम, नुसतं चालू आहे का चढाव चढतंय, यावर गरज बदलते, म्हणून कार्बोरेटरमध्ये पेट्रोलच्या वाटाही वेगवेगळ्या असतात. बटरफ्लाय, म्हणजे अॅक्सिलरेटरने उघडणारी गळ्यातली झडप, बंद असताना पायलट जेटची वाट काम करते आणि पेट्रोल बटरफ्लायच्या खालच्या बारीक छिद्रातून जातं. बटरफ्लाय उघडू लागला की त्याच्या कडेला असलेली आणखी एक-दोन छिद्रं मोकळी होतात आणि मेन जेट सुरू होईपर्यंतचा मधला टप्पा तीच सांभाळतात. पुढे मेन जेट. त्याच्या वरच्या अंगाला एमल्शन ट्यूब, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणारी छिद्रांची नळी, आणि तिच्या डोक्यावर एअर जेट असतं. वेग वाढला की मेन जेट गरजेपेक्षा जास्त पेट्रोल देऊ लागतं, तेव्हा एअर जेट त्यात हवा मिसळून त्याला आवर घालतं. म्हणून मेन जेट मोठं केलं की मिश्रण रिच होतं आणि एअर जेट मोठं केलं की लीन. चौथी वाट पिकअप पंपाची: पाय एकदम दाबला की डायफ्रॅम पेट्रोलची एक पिचकारी गळ्यात मारतो.

आणि चोक. कार्बोरेटरच्या गळ्यात वरून बघा. वरच्या तोंडाशी पातं असेल तर तो साधा चोक. पातं नसेल तर तो सोलेक्सचा स्टार्टर. त्यात बाजूला एक फिरती चकती असते आणि चोकची दोरी ओढली की ती स्वतंत्र जेटची वाट उघडते. ही वाट बटरफ्लायच्या खाली उघडते, म्हणजे तिला इंजिनची ओढ मिळायची तर बटरफ्लाय बंदच हवा. अशा गाडीत थंड इंजिन चालू करताना अॅक्सिलरेटर दाबला की ओढ संपते आणि स्टार्टर काहीच देत नाही. चोक पूर्ण ओढा, पाय बाजूला ठेवा आणि सेल्फ मारा. ‘चोक काम करत नाही’ या तक्रारीतल्या बऱ्याचशा इथेच मिटतात.

खोलण्याआधी

आधी इग्निशन, म्हणजे ठिणगीची बाजू, तपासा. पॉइंट काळे पडलेले किंवा खड्डे पडलेले असतील, काँडेन्सर गरम झाल्यावर साथ सोडत असेल, किंवा डिस्ट्रिब्युटर कॅपला बारीक तडा असेल, तर गाडी अगदी पेट्रोल कमी पडल्यासारखी मिसिंग मारते. पॉइंटची फट साधारण 0.4 मिलिमीटर आणि प्लगची 0.6 मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्या. गाडी थंड असताना छान चालते आणि वीस मिनिटांनी मिसिंग सुरू होतं, अशा वेळी काँडेन्सर बदलून बघणं कार्बोरेटर काढण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. व्हाल्व्हचे टॅपेट आणि कॉम्प्रेशनही याच टप्प्यात बघा. चार सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये 10 ते 15 टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर त्या इंजिनाचं आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचं संथ चालणं, कोणताही कार्बोरेटर गुळगुळीत करू शकणार नाही.

मग पेट्रोल पोचतंय का ते बघा. इंजिन थंड असू द्या. कॉइलची वायर काढा म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरवरचा पेट्रोल पाइप सोडून बाटलीत घाला आणि दहा सेकंद सेल्फ मारा. मेकॅनिकल पंपातून, ज्याला गॅरेजमध्ये एसी पंप म्हणतात, प्रत्येक ठोक्याला ठळक पिचकारी यायला हवी. नुसती धार गळत असेल तर पंपाचा डायफ्रॅम, त्याची जाळी किंवा टाकीतला पाइप बघा. धारेत बुडबुडे असतील तर पंपाच्या मागे कुठेतरी पाइप हवा घेतोय. गाडी काही किलोमीटर चालून बंद पडते आणि दहा मिनिटं थांबलं की परत चालू होते, असं असेल तर टाकीचं झाकण उघडताना कान द्या. ‘फुस्स’ आवाज आला तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं आहे, आणि दोष तेवढाच आहे.

इलेक्ट्रिक पंप बसवला असेल तर त्याचा दाब तपासाच. या कार्बोरेटरांना सुमारे 0.2 बार, म्हणजे 3 पीएसआयच्या आसपासचा दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप 3 बारच्या आसपास देतो. तो जोडला तर नीडल व्हाल्व्ह (वाटी भरली की पेट्रोल थांबवणारा) कितीही नवा असो, वाटी ओसंडून वाहणार आणि गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल सांडणार. हा आगीला आमंत्रण देणारा प्रकार आहे.

तिसरी तपासणी सर्वांत जास्त वेळा राहून जाते: इंजिन कुठून चोरटी हवा घेतंय का. कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग, त्याखालचा इन्सुलेटर, मॅनिफोल्ड आणि हेडमधला जोड, डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम अॅडव्हान्सची नळी आणि बटरफ्लायचा स्पिंडल या पाच जागा. गाडी आयडलवर ठेवा आणि ऑइल कॅनने प्रत्येक जोडावर इंजिन ऑइलचे चार-पाच थेंब सोडा. जिथे गळती आहे तिथे तेल आत ओढलं जातं, इंजिनचा आवाज बदलतो आणि थोड्या वेळाने मागून निळसर धूर येतो. काही जण यासाठी पेट्रोल किंवा स्प्रे वापरतात. चालू इंजिनावर, डिस्ट्रिब्युटरच्या शेजारी, ते करू नका.

व्हॅक्यूम गेज असेल तर काम आणखी सोपं होतं. मुंबईत, समुद्रसपाटीला, ठीक असलेलं इंजिन आयडलवर 17 ते 21 इंच पाऱ्याची स्थिर ओढ दाखवतं. पुण्यात, 560 मीटर उंचीवर, त्याच इंजिनाचा आकडा जवळपास 2 इंचांनी कमी येईल आणि तो दोष नाही. काटा स्थिर पण खाली असेल तर हवेची गळती किंवा उशिरा टायमिंग. ठराविक लयीत फडफडत असेल तर व्हाल्व्हकडे बघा.

लक्षणावरून वाट ओळखणं

आयडल टिकत नाही पण रस्त्यावर गाडी छान पळते, तर पायलट जेट किंवा चोरटी हवा. एअर फिल्टर काढून, गाडी चालू असताना, गळ्याच्या तोंडावर तळहात अर्धवट धरा. इंजिन सुधारलं तर मिश्रण लीन होतं, लगेच गुदमरलं तर पेट्रोल पुरेसं आहे. बॅकफायर होत असेल तर हात लावू नका.

पाय दाबताच गाडी क्षणभर गचके खाते आणि मग उचलते, तर पिकअप पंप. इंजिन बंद ठेवून गळ्यात बघत अॅक्सिलरेटरचा लिव्हर हलवा. लिव्हर हलताक्षणीच बारीक, सरळ पिचकारी दिसायला हवी. उशिरा येत असेल किंवा नुसते थेंब पडत असतील, तर डायफ्रॅम फाटला आहे, पंपाचं जेट बुजलं आहे किंवा आतली व्हाल्व्हची गोळी अडकली आहे.

सपाटीवर ठीक आणि चढावर किंवा साठच्या पुढे जोर जातो, तर मेन जेटमधला कचरा किंवा पुरवठा कमी. या तक्रारीत पंप आणि फिल्टर आधी, जेट नंतर.

काळा धूर, पेट्रोलचा वास आणि काजळीने भरलेले प्लग म्हणजे रिच मिश्रण. कारणं या क्रमाने तपासा: एअर फिल्टर चोंदलेला, चोक किंवा स्टार्टरची चकती पूर्ण बंद न होणारी, नीडल व्हाल्व्ह गळणारा, फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलेलं, एअर जेट बुजलेलं. चोकची दोरी जरा तंग बसवली की चकती केसभर उघडी राहते आणि त्यामुळे गाडी वर्षानुवर्षं जास्त पेट्रोल पिते. इंजिनाच्या बाजूने लिव्हर हाताने पूर्ण मागे ढकलून बघा. तो आणखी हलला तर दोरी सैल करा.

कार्बोरेटरमधून फटफट आवाज येत उलट झटका मारत असेल तर बहुधा मिश्रण लीन आहे, पण टायमिंग आणि इनटेक व्हाल्व्हही बघावे लागतील. गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी चालू होत नाही, तर वाटीतलं पेट्रोल उकळून गळ्यात उतरलेलं असतं. अशा गाडीत कार्बोरेटरखालचा जाड बेकेलाइटचा इन्सुलेटर जागेवर आहे का बघा. कुणीतरी दुरुस्तीत तो काढून पातळ पॅकिंग लावलेलं असतं.

खोलणं आणि धुणं

बॅटरीची वायर काढा, काम उघड्यावर करा, अग्निशामक हाताशी ठेवा. बाहेरून कार्बोरेटर धुऊन घ्या, म्हणजे खोलताना माती आत जाणार नाही. प्रत्येक लिव्हर, स्प्रिंग आणि दोरीचे मोबाइलवर फोटो काढा. जेट पितळेची आणि मऊ असतात. त्यांच्या खाचेत तंतोतंत बसणारा, सरळ घासलेल्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर वापरा, नाहीतर खाच फाटते. प्रत्येक जेटवरचा आकडा वहीत लिहा. सोलेक्सच्या जेटवर 125 लिहिलं असेल तर त्याचा अर्थ 1.25 मिलिमीटरचं छिद्र. मिक्श्चर स्क्रू (आयडलचं मिश्रण कमी-जास्त करणारा) काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा, किती फेरे झाले ते मोजा आणि मगच बाहेर काढा. जोराने आवळला तर त्याच्या टोकाला कडा पडते आणि मग तो बारीक नियंत्रण देत नाही.

बॉडी जस्त आणि अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. कॉस्टिक सोडा, आम्ल, घरातला टॉयलेट क्लीनर यांनी ती चकाकेल आणि लगेच खाल्लीही जाईल. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे, किंवा चष्म्याच्या दुकानात असतं तसं पण थोडं मोठं अल्ट्रासॉनिक यंत्र, 50 ते 60 अंश पाण्यात सौम्य साबण घालून 10 ते 15 मिनिटं, हे दोन मार्ग सुरक्षित आहेत. रबर, डायफ्रॅम आणि फ्लोट मात्र बाहेर ठेवा. जेटमध्ये तार घालू नका. छिद्र 0.05 मिलिमीटरने वाढलं तरी जेटचा आकडा खोटा ठरतो आणि इंजिनाला ते जाणवतं. मासेमारीचा नायलॉनचा दोरा चालतो. हवेचा दाब 2 ते 3 बार पुरे, आणि डोळ्यांवर चष्मा असावाच.

धुणं झालं याची खूण म्हणजे वाट मोकळी असणं. पायलट जेटच्या भोकातून स्प्रे मारा. तो मिक्श्चर स्क्रूच्या भोकातून आणि बटरफ्लायच्या कडेच्या बारीक छिद्रांमधून बाहेर यायला हवा. एकातूनही आला नाही तर भिजत ठेवा आणि परत मारा. ही कडेची छिद्रं राहून जातात आणि मग आयडल ठीक असूनही गाडी सुरुवातीच्या उचलीला अडखळते.

झीज आणि वाकडेपणा

स्पिंडलचं टोक बोटाने वर-खाली हलवा. झुलता जाणवत असेल, 0.2 मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त, तर तिथून हवा आत जाते आणि आयडल कधीच स्थिर राहणार नाही. उपाय लेथवरचा: बॉडीची दोन्ही भोकं एकाच रेषेत रीम करून कांस्याचे बुश बसवायचे, किंवा जाड मापाचा नवा स्पिंडल घ्यायचा. दोन्ही भोकं वेगवेगळी ड्रिल केली तर स्पिंडल तिरका बसतो आणि बटरफ्लाय अडकतो, म्हणून हे काम चांगल्या फिटरकडूनच करून घ्या.

बटरफ्लायचे दोन स्क्रू मागच्या टोकाला ठोकून पसरवलेले असतात, सैल होऊन इंजिनात जाऊ नयेत म्हणून. काढताना ते टोक आधी कानशीने घासा. बसवताना नवे स्क्रू घ्या आणि टोक परत ठोका. बटरफ्लायची कड तिरकी घासलेली असते, त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो. स्क्रू सैल ठेवून तो आठ-दहा वेळा झटकन बंद करा, उजेडाकडे धरून बघा, कडेला सारखी बारीक रेघ दिसली की मग आवळा.

फ्लँज वाकणं हा दुरुस्तीनेच आणलेला दोष आहे. पेट्रोल गळतंय म्हणून नट आवळत गेलं की बुडाचे कान खाली वाकतात आणि मध्ये फट पडते. काचेवर ठेवून फीलर गेज घाला. 0.05 मिलिमीटरची पाती आत गेली तर काचेवर 320 नंबरचा वॉटर पेपर ठेवून, पाणी टाकत, आठाच्या आकड्यासारखं फिरवत घासा, मग 400 नंबर. वरच्या झाकणाचंही तसंच. सिलिकॉनचं सीलंट इथे लावू नका. पेट्रोलमध्ये ते फुगतं, त्याचे तुकडे सुटतात आणि थेट पायलट जेटमध्ये जाऊन बसतात. चांगला पॅकिंग पेपर आणि सपाट पृष्ठभाग पुरतो.

फ्लोट आणि पातळी

वेळ द्यायचा असेल तर इथे द्या. वाटीतली पातळी ठरलेल्यापेक्षा वर असेल तर सगळ्याच वेगांना मिश्रण रिच, खाली असेल तर सगळीकडे लीन. जेट बदलून ही चूक भरून निघत नाही.

पितळेचा फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल असेल तर खळखळतं. 70-80 अंशांच्या गरम पाण्यात बुडवला की जिथे भोक आहे तिथून बुडबुडे निघतात. आतलं पेट्रोल पूर्ण बाहेर काढून, किमान एक दिवस उघड्यावर ठेवून, मगच डाग द्या. आत वाफ असताना डाग द्यायची तापलेली सोल्डरिंग आयर्न लावली तर फ्लोट फुटतो, आणि हाताचं व डोळ्याचं काय होईल ते सांगायला नको. डाग अगदी थोडा द्या. फ्लोट जड झाला की तो खोल बसतो, व्हाल्व्ह उशिरा बंद होतो आणि पातळी वाढते.

नीडलच्या शंकूवर अंगठीसारखी रेघ उमटली असेल तर जोडी बदला. नीडल आणि सीट दोन्ही. झाकण उलटं धरून, फ्लोट वजनाने नीडलवर टेकलेला असताना, पेट्रोलच्या नळीतून स्वच्छ रबर पाइपने हलकं फुंका. हवा जायला नको. सोलेक्समध्ये पातळी बदलायची सोय नीडल व्हाल्व्हखालच्या वॉशरमध्ये आहे. जाड वॉशर घातला की व्हाल्व्ह खाली सरकतो, लवकर बंद होतो, पातळी उतरते. पातळ घातला की चढते. फ्लोटचा दांडा वाकवून काम भागवण्यापेक्षा वॉशर बदलणं योग्य. अंतिम मोजणी गाडीवरच करा: सपाट जागी गाडी काही मिनिटं चालवून बंद करा, झाकण काढा, जोडाच्या पृष्ठभागापासून पेट्रोलपर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजा आणि पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघा.

पिकअप पंपाचं झाकण बसवताना लिव्हर पूर्ण दाबून धरा आणि त्या स्थितीत स्क्रू आवळा. तसं न केल्यास डायफ्रॅम ताणलेला राहतो, पूर्ण फेरा मारत नाही आणि कडेशी लवकर फाटतो.

आयडल जमवणं

मिक्श्चर स्क्रू पूर्ण आत घालून दीड फेरा बाहेर काढा. गाडी 10 ते 15 मिनिटं चालवून गरम करा, चोक पूर्ण आत. स्पीड स्क्रूने आयडल 800 आरपीएमच्या आसपास आणा. आता मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्या. इंजिन अडखळू लागेल. मग बाहेर काढत या, वेग सर्वांत जास्त आणि आवाज सर्वांत सारखा होईपर्यंत. वेग वाढला असेल तर स्पीड स्क्रूने कमी करा आणि हे सगळं आणखी एकदा करा.

सोलेक्समध्ये हा स्क्रू पेट्रोल-हवेच्या तयार मिश्रणाचं प्रमाण ठरवतो, म्हणून बाहेर काढला की रिच. काही कार्बोरेटरांवर मात्र स्क्रू नुसत्या हवेच्या वाटेवर असतो, तिथे नेमकं उलटं. ओळखायची खूण सोपी: स्क्रू बटरफ्लायच्या खालच्या बाजूला, बुडाशी असेल तर मिश्रणाचा. वर, हवेच्या तोंडाकडे असेल तर हवेचा.

स्क्रू फिरवूनही काहीच फरक पडत नसेल तर तेही काहीतरी सांगतं. बटरफ्लाय इतका उघडा असेल की कडेची छिद्रं आधीच मोकळी झालीत, पायलट जेट बुजलेलं असेल, किंवा चोरटी हवा असेल. पहिली शक्यता आधी तपासा. स्पीड स्क्रू पूर्ण सैल केला आणि गाडी तरीही वेगाने चालत राहिली, तर अॅक्सिलरेटरचा रॉड तंग आहे किंवा बटरफ्लाय वाकडा बसला आहे.

इथेनॉलचं पेट्रोल

2025 पासून देशभर पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. नव्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो, तो इंजेक्टरला थोडं जास्त पेट्रोल द्यायला सांगतो. कार्बोरेटरला असं सांगणारं कुणी नाही. शुद्ध पेट्रोलला 14.7 पट हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे 13.5 पट. म्हणजे जुनी जेट तशीच ठेवली तर इंजिन जवळपास 8 टक्के लीन चालतं. जेटचं क्षेत्रफळ 8 टक्के वाढवायचं तर व्यास 4 टक्के वाढवावा लागतो: 125 च्या जागी 130. पायलट जेटला हाच हिशेब लावू नका. 45 वरून 50 केलं तर क्षेत्रफळ 23 टक्क्यांनी वाढतं. आयडलला आधी मिक्श्चर स्क्रू थोडा जास्त उघडून भागतंय का बघा. बदलल्यानंतर पाच-सहा किलोमीटर एकसारखं चालवा, चालत्या गाडीतच इंजिन बंद न करता बाजूला घ्या, थांबताक्षणी बंद करा आणि प्लग बघा. फिकट तपकिरी रंग हवा. पांढुरका असेल तर अजून लीन, काळा कोरडा असेल तर जास्त झालं.

रबराचं काय, हा वेगळा प्रश्न. जुन्या रबराचे डायफ्रॅम आणि नळ्या इथेनॉलने फुगतात किंवा कडक होऊन चिरतात. दुरुस्तीचा किट घेताना डायफ्रॅम आणि नीडलचं टोक व्हायटॉनचं, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं, आहे का विचारा, पेट्रोल नळीवर जे30 आर9 छापलेलं असेल तर ती घ्या. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलची नळी चिमट्याने बंद करून इंजिन वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालवा. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात हे न केलेल्या कार्बोरेटरची वाटी उघडली की तळाला पांढरी-हिरवट पूड दिसते. ती धातूची झीज आहे आणि तिचा पहिला बळी पायलट जेट.

एसयू असेल तर

मॉरिस मायनर, एमजी आणि त्या घराण्यातल्या गाड्यांवर एसयू असतो. त्यात एकच जेट आणि त्यात वर-खाली होणारी निमुळती सुई. इंजिनची ओढ वाढली की पिस्टन सुईसह वर जातो, वाट आपोआप मोठी होते. त्यामुळे तपासायचे मुद्दे थोडे. वरच्या नळकांड्यात 20 ग्रेडचं तेल हवं. ते नसेल तर पाय दाबल्यावर गाडी गचका खाते, कारण तेच पिस्टनला हळू वर जायला भाग पाडतं. इंजिन बंद असताना पिस्टन हाताने वर उचलून सोडा. तो मोकळेपणाने खाली पडून खट् असा आवाज आला पाहिजे. अडखळला तर सुई वाकडी आहे किंवा जेट मध्यावर नाही. जेट वरच्या पातळीला आणून तिथून नट दोन पूर्ण फेरे खाली घ्या, ही सुरुवातीची जागा. मग पिस्टन जेमतेम 0.8 मिलिमीटर वर उचला. वेग वाढून तसाच राहिला तर रिच, इंजिन बंद पडू लागलं तर लीन, क्षणभर वाढून परत आला तर बरोबर. दोन कार्बोरेटर असतील तर आधी दोघांची हवेची ओढ सारखी करा, मिश्रण नंतर.

घाट आणि उन्हाळा

मुंबईत नीट जमवलेली गाडी महाबळेश्वरला, सुमारे 1,350 मीटरवर, नेली की हवा विरळ झाल्याने मिश्रण साधारण 6 टक्के रिच होतं. आयडल जड वाटतो, धूर किंचित काळा होतो. दोन दिवसांसाठी जेट बदलू नका, मिक्श्चर स्क्रू पाव फेरा आत घेणं पुरेसं आहे, आणि खाली उतरल्यावर परत जागेवर आणा.

एप्रिल-मेमध्ये बोरघाटात गाडी बंद पडली तर कार्बोरेटर उघडू नका. पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ झालेली असते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. पंपावर ओला फडका टाकून दहा मिनिटं थांबा. मग पेट्रोल पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डच्या किती जवळून जातो ते घरी आल्यावर बघा. मूळ क्लिप तुटून तो तिथे टेकलेला असतो.

आणखी एक व्यवहाराचा मुद्दा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. 1974-75 च्या पद्मिनी आता त्या वयाला आल्या आहेत. दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर अडॅप्टर लावून बसवला असेल तर मूळ फेकू नका. व्हेंच्युरी त्या इंजिनासाठी मोजून केलेली असते, आणि झिजलेली बॉडीसुद्धा बुश घालून परत उभी राहते.

बसवून झाल्यावर 200 ते 300 किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना बुडाचे नट एकदा तपासा. नवं पॅकिंग दबलेलं असतं. आळीपाळीने, दोन्ही बाजूंना सारखं, हलक्या हाताने आवळा आणि त्याच वेळी पंपाची जाळी उघडून बघा. टाकीतला गंज नव्या पेट्रोलने सुटून तिथेच जमा झालेला असतो.